लसीका, गाठी, पांढऱ्या पेशी: रिपोर्ट हातात पडल्यावर विचारले जाणारे प्रश्न

पाटण, कराड, वाळवा, शिराळा या भागातली माणसं आमच्या लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट न्यायला येतात. कागदावर इंग्रजी शब्द दिसले की पहिला प्रश्न ठरलेला: "जास्त काही नाही ना हो?" डॉक्टरांपुढं नंबर लागेपर्यंत धीर निघत नाही, ते साहजिकच आहे. सगळ्यात जास्त गोंधळ लसीका संस्था आणि प्रतिकार संस्था यांच्या शब्दांत होतो. हृदय किंवा किडनीसारखं यांना एक ठिकाण नाही, त्या अंगभर पसरलेल्या. शब्द कशाचा आणि तो भाग शरीरात कुठं, एवढं कळलं तरी निम्मी धास्ती जाते. खालचे प्रश्न लोकांचेच आहेत. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

लसीका म्हणजे काय? रक्तच का ते?

रक्तातूनच आलेलं असतं, पण ते रक्त नव्हे. रक्त अगदी बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्यातला पातळ भाग बाहेर झिरपतो आणि पेशींना अन्न, प्राणवायू पोचवतो. यातलं दिवसाला साधारण ३ लिटर पाणी, आणि त्यासोबत काही प्रथिनं, पेशींच्या फटींत राहून जातात. ते उचलून पुन्हा रक्तात नेऊन सोडायचं काम लसीकावाहिन्यांचं. त्या वाहिन्यांत शिरलं की त्याच पाण्याला लसीका म्हणायचं. तांबड्या पेशी नसल्यामुळं तिचा रंग फिकट पिवळसर असतो.

वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड रानात शेतकरी जमिनीखाली भोकांचे पाइप पुरतात आणि साचलेलं पाणी ओढ्याला काढून देतात. शरीरातला हा निचराही असाच नजरेआड चालतो, म्हणून तुंबेपर्यंत कुणाला त्याची आठवण येत नाही.

जखमेतून गळते ती लस आणि दंडात टोचतात ती लस, दोन्ही एकच?

नाही. जखम सुकताना येणारं चिकट पाणी म्हणजे रक्तद्रव आणि पेशींभोवतीचं पाणी. टोचायची लस ही बाहेर तयार केलेली असते. तिच्यात मेलेले किंवा दुबळे केलेले जंतू, नाहीतर त्यांचा एखादा भाग असतो. दोन्हींचं नाव एकच का, हे इतिहास पाहिला की कळतं. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गोठ्यात काम करणाऱ्या बाईच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या फोडातलं पाणी घेऊन ८ वर्षांच्या मुलाला टोचलं होतं. पहिली लस खरोखरच फोडातली लस होती.

मटण खाऊन रक्त द्यायला आलो तर तुम्ही परत का पाठवता?

लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी असेल तर पाठवतो, आणि त्याचा लसीकेशी थेट संबंध आहे. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर सिरम राहतं. उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचं सिरम पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं. यात्रेच्या जेवणावर ताव मारून दोन-तीन तासांत कुणी आलं, तर तेच सिरम कधी कधी दुधासारखं पांढरट दिसतं. नळीमागं बोट धरलं तर बोट दिसत नाही.

सिरम पांढरट करणारी ही चरबी आतड्यातून सरळ रक्तात आलेली नसते. आतड्याच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक उंचवटे असतात आणि प्रत्येकात एक लसीकावाहिनी. बहुतेक स्निग्ध पदार्थ तिच्यात शिरतात, पोटातून छातीत चढणाऱ्या मोठ्या लसीकावाहिनीतून वर जातात आणि डाव्या कॉलरबोनमागच्या नीलेत रक्ताला मिळतात. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली या शल्यविशारदाला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढरे दोरे दिसले, ते हेच. उपाशी कुत्र्यात ते सापडेनात, म्हणून त्याने पुन्हा पोटभर खाल्लेला कुत्रा तपासला आणि दोरे परत दिसले. छातीतली ती मोठी वाहिनी झां पेके या फ्रेंच माणसाने १६५१ मध्ये दाखवून दिली.

लसीका वर ढकलतं कोण? तिला हृदय असतं का?

माणसात तिच्यासाठी वेगळं हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात, श्वासाने छातीतला दाब कमीजास्त होतो, आणि आतल्या झडपा पाणी मागं फिरू देत नाहीत. स्वारगेटहून एसटीत पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाच्या चपला साताऱ्यात उतरताना घट्ट होतात, त्याला स्नायूंचा हा दाब न मिळणं हेही एक कारण. पायांवरची सूज रोजचीच असेल तर मात्र हृदय, किडनी, लिव्हर हे सगळंच तपासावं लागतं. दरवेळी दोष लसीकेला देऊ नका.

पायाला लागलं की जांघेत अवधाण का येतं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात जवळजवळ सगळी प्रतिकार संस्था येते.

लसीकावाहिन्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लसीकाग्रंथी असतात. इंग्रजीत लिम्फ नोड. शरीरात त्या सुमारे ६०० आहेत. वाटाण्याएवढ्या, काही त्याहून लहान. मानेत, काखेत, जांघेत त्यांचे घोस असतात, बाकीच्या पोटात आणि छातीत खोलवर. प्रत्येक ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दाटीवाटीने असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन: बी-पेशी आणि टी-पेशी.

समजा ऊस तोडताना कोयता घसरून पायाला लागला आणि जखमेत माती गेली. जखमेजवळच्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसीकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीत जातात आणि ते तुकडे लिम्फोसाइटना दाखवतात. प्रत्येक लिम्फोसाइट एका ठरावीक आकारालाच प्रतिसाद देते. त्यामुळं लाखो पेशींपैकी ज्या मोजक्या जुळतात, त्याच वाढू लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं होत काही दिवसांत त्यांची फौज उभी राहते. ग्रंथी फुगते, वरचं आवरण ताणलं जातं आणि दुखतं. अवधाण आलं म्हणजे जखमेने काम वाढवलंय आणि ग्रंथी ते करतेय.

गाठ कुठं आली यावरून मूळ शोधता येतं. पाऊल, पाय, मांडी यांचं पाणी जांघेत जातं. हाताचं काखेत. दात किडला की जबड्याखाली. पोराच्या डोक्यात उवा किंवा करट असेल तर कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला. म्हणून जांघेतली गाठ दाखवायला आलात तर डॉक्टर आधी पायाची बोटं फाकवून बघतात. बोटांच्या बेचक्यातली चिखल्यांची भेगसुद्धा पुरते.

अवधाणावर बिब्बा लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि मग ती दुसरी जखम त्याच ग्रंथीच्या माथी बसते. चोळूही नका. जखम स्वच्छ करा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा.

मानेला गाठ आहे. कॅन्सर असेल का?

बहुतेक वेळा नसतो. घसा, दात, कान, डोक्याची कातडी, यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं आणि गाठ दोन-चार आठवड्यांत बसते. दुखरी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ त्यातल्या त्यात बरी. कडक, न दुखणारी, एका जागी चिकटलेली, २ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा महिना उलटूनही न बसणारी गाठ दाखवायलाच हवी. सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घामाने कपडे भिजणं, वजन उतरणं असेल तर थांबूच नका. कॉलरबोनच्या वरची गाठ कितीही लहान असली तरी दाखवा. पोटाची लसीका त्या वाटेने जात असल्यामुळं पोटातला कॅन्सर कधी कधी पहिल्यांदा डाव्या बाजूला तिथंच दिसतो.

आपल्याकडे मानेच्या जुनाट गाठींचं एक मोठं कारण म्हणजे क्षयरोग. जुनी माणसं गंडमाळा म्हणायची, त्यातल्या पुष्कळ याच. एकीला एक चिकटलेल्या गाठी, नंतर फुटून वाहणाऱ्या. टीबी म्हणजे खोकलाच असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळं "मला तर खोकला नाही" म्हणत लोक महिने काढतात. गाठीच्या टीबीचं औषध साधारण ६ महिने चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

निदानासाठी एफएनएसी करतात: बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. सुई टोचली की रोग पसरतो, ही समजूत काढून टाका. या भीतीपायी लोक तपासणी लांबवतात आणि नुकसान त्या लांबवण्यानेच होतं. लसीकाग्रंथींचाच कॅन्सर असेल तर त्याला लिम्फोमा म्हणतात. त्यातला एक प्रकार थॉमस हॉजकिन याने १८३२ मध्ये वर्णन केला आणि तो त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला उपचार चांगला लागू पडतो.

एक राहिलं: गालगुंडात कानाखाली सुजते ती लाळेची ग्रंथी, लसीकाग्रंथी नव्हे.

जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या प्लेगच्या गाठी त्या याच का?

याच. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून येतो. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत. हाताला चावली तर काखेत. ग्रंथी इतकी सुजते आणि दुखते की माणसाला पाय सरळ करता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि पुढं देशावर पसरली. गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आज प्लेगवर प्रतिजैविकं आहेत आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो.

सोनोग्राफीत पांथरी वाढली लिहिलंय. पांथरी कशासाठी असते?

पांथरी म्हणजे प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन. डाव्या बरगड्यांच्या आड असते, मोठ्या माणसात वजन साधारण १५० ग्रॅम. लसीकाग्रंथी लसीका गाळतात, पांथरी रक्त गाळते. म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडीत काढणं आणि रक्तातले जंतू टिपणं ही तिची कामं. मलेरिया, टायफॉइड, लिव्हरचे काही आजार, रक्ताचे काही आजार यांत ती वाढते. वाढलेली पांथरी बरगड्यांच्या खाली उतरते आणि पोटावर मार बसला तर फुटू शकते, म्हणून डॉक्टर कबड्डी आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद करायला सांगतात. पांथरी काढली तरी माणूस जगतो, पण न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या लसी घ्याव्या लागतात आणि पुढं साध्या तापातही लगेच दवाखाना गाठावा लागतो.

टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड, अपेंडिक्स, थायमस, हे सगळं यातच येतं?

येतं. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंना, अ‍ॅडिनॉइड नाकाच्या मागे. पोर तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, तेव्हा अ‍ॅडिनॉइडची शंका येते. अपेंडिक्समध्येही लसीकेचा ऊतक असतो. थायमस छातीच्या हाडामागे. टी-पेशी तिथं पक्व होऊन बाहेर पडतात. लहानपणी ती चांगली मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत छातीत सावली दिसते ती पुष्कळदा थायमसची. घाबरायचं कारण नसतं.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी वाढल्यात. ब्लड कॅन्सर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि बहुतेक वेळा विनाकारण रात्रीची झोप उडवणारा प्रश्न. मोठ्या माणसात पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. गळू झालं, न्यूमोनिया झाला, बाळंतपण झालं, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तर १५,००० सुद्धा दिसतात. रक्ताच्या कॅन्सरची शंका नुसत्या आकड्यावरून येत नाही. पेशी कशा दिसतात, कच्च्या पेशी रक्तात उतरल्यात का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कसे आहेत, हे सगळं बघतात.

एकूण आकड्यापेक्षा खालची टक्केवारी जास्त बोलते. न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त, जिवाणूंवर पहिला घाला त्यांचा. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलच. लिम्फोसाइट विषाणूंच्या तापात वाढलेल्या दिसतात. चार-पाच वर्षांखालच्या मुलांत तर मुळातच त्या न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात. मोठ्यांचा तक्ता लावून लहान पोराचा रिपोर्ट वाचणाऱ्या शेजाऱ्यांना एवढं सांगून ठेवा. इओसिनोफिल वाढल्या की जंत, दमा, अ‍ॅलर्जी. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून ऊतकांत गेल्या की त्यांच्या भक्षक पेशी होतात, जंतू गिळणाऱ्या. पेशी परकी वस्तू गिळतात हे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिलं. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिकसोबत मिळालं. बेसोफिल इतक्या थोड्या असतात की शून्य आल्या तरी कुणी विचारत नाही.

या सगळ्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होतात.

अँटिजन, अँटिबॉडी, आयजीएम, आयजीजी: डेंग्यूच्या रिपोर्टवर यातलं कुठलं बघायचं?

अँटिजन, म्हणजे प्रतिजन, हा जंतूचा भाग. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, हे आपल्या बी-पेशींनी त्याविरुद्ध केलेलं प्रथिन. एनएस-१ हा डेंग्यूच्या विषाणूचा अँटिजन आहे, तो तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे प्रकार. नंतर आयजीएम दिसू लागतं, ते ताज्या संसर्गाचं लक्षण. आयजीजी मागून येतं आणि वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळं एकटं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुधा डेंग्यू पूर्वी होऊन गेलेला असतो. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर आयजीजी लवकर आणि जोरात वाढतं; तेव्हा लक्षणांशी ताळा करून डॉक्टरच ठरवतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम करायला येणाऱ्यांना मी सांगतो, पैसे वाया जातील, आज एनएस-१ करा.

आणखी दोन नावं: आयजीए लाळेत, आतड्यात आणि आईच्या दुधात असतं. बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट पिवळसर दूध त्याने भरलेलं असतं, आणि तेच "बाधतं" म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. आयजीई अ‍ॅलर्जीत वाढतं.

मागच्या वर्षी साप चावला तेव्हा सापाची लस घेतली होती. आता संरक्षण आहे ना?

नाही. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. तिला लस म्हणतात खरं, पण ती लस नव्हे. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचतात, घोड्याच्या शरीरात विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि त्या शुद्ध करून कुपीत भरतात. भारतात मिळणारी कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. या अँटिबॉडी उसन्या. काही आठवड्यांत संपतात आणि शरीराला काही शिकवून जात नाहीत. याला परार्जित प्रतिकारक्षमता म्हणतात. बीसीजी, पोलिओ, गोवर यांच्या लसींत उलट घडतं: आपल्याच पेशी त्या जंतूशी लढायला शिकतात, आणि त्यातल्या काही स्मृतिपेशी म्हणून पुढं राहतात.

कुत्रं खोल चावलं तर दोन्ही एकदम देतात. जखमेत उसन्या अँटिबॉडी, कारण स्वतःच्या तयार व्हायला वेळ लागतो, आणि पुढच्या दिवसांसाठी लसीचे डोस.

शिराळ्याच्या नागपंचमीमुळं इकडं नाग ओळखणारे पुष्कळ आहेत. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं तर मांत्रिक नको, सरळ दवाखाना. आणि पूर्वी सापाचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा; घोड्याच्या प्रथिनांची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ते तयारीत राहतात.

मला सारखी शिंका-सर्दी. इम्युनिटी कमी आहे का? काढा घेऊ?

धूळ किंवा गाजरगवत फुललं की सुरू होणारी सर्दी ही प्रतिकारशक्ती कमी पडल्याची नसते. निरुपद्रवी परागकणांवर तिने जास्तच जोर लावलेला असतो, आयजीईमार्फत. आमवात, लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह, कोड, यांत तर ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्याला स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. कोड म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारल्या जाणं. ते स्पर्शाने पसरत नाही, आणि तेवढ्यावरून ठरलेलं लग्न मोडणाऱ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

म्हणून "इम्युनिटी वाढवणारं" असं लिहिलेल्या डब्याला मी एकच विचारतो: कुठली वाढवणार? न्यूट्रोफिल, आयजीई, की टी-पेशी? सांगलीची हळद नावाजलेली, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुधात घालून प्यायला छान लागते. पण तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं, आणि लसीचं काम ती करत नाही. पुरेसं प्रथिन, झोप, तंबाखू बंद, साखर आटोक्यात आणि ठरलेल्या वेळी लसी, यांवर पैसे आणि लक्ष घाला.

सीडी-४ म्हणजे काय?

मदतनीस टी-पेशींवर असणारं एक प्रथिन; त्या पेशींनाही सीडी-४ म्हणतात. एचआयव्ही नेमक्या त्याच पेशींत शिरतो. निरोगी माणसात त्या घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १,५०० असतात, २०० च्या खाली गेल्या की एरवी न होणारे संसर्ग गाठतात. एचआयव्हीवरच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि नियमित घेतल्या तर आकडा पुन्हा चढतो.

एक पाय सुजून जड झालाय. हत्तीरोग का? आणि रक्त रात्री का मागतात?

हत्तीरोगाचे कृमी लसीकावाहिन्यांत राहतात आणि त्या खराब करतात, म्हणून पाणी तुंबतं. क्युलेक्स डासामुळं तो पसरतो. महाराष्ट्रात त्याचा जोर मुख्यतः विदर्भात आहे, तरी कामानिमित्त तिकडं राहून आलेला माणूस इथं भेटतो. कृमींची पिल्लं बहुधा रात्री १० ते २ च्या दरम्यान रक्तात उतरतात, म्हणून नमुना तेव्हाच घ्यावा लागतो; दिवसा घेतला तर रिपोर्ट कोरा येण्याची शक्यता जास्त.

सुजेची इतरही कारणं आहेत. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढल्या तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. तिथं डास नाही, कृमी नाही, फक्त निचऱ्याची वाट गेलेली. दोन्हींत रोजची काळजी मात्र सारखीच: अंग साबणाने धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, खरचटलं तर लगेच मलम, बसताना पाय किंवा हात उंचावर, आणि पट्टी बांधायची ती फिजिओथेरपिस्टकडून शिकून. सूज एकाएकी लाल, गरम झाली आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.